बिलरोथ: व्हायोला आणि टाके

सर्जन थिओडोर बिलरोथ संगीतवेडा होता, व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं तंतुवाद्य) वाजवायचा; संगीतकार ब्राम्सने ओपस ५१ मधली दोन क्वार्टेट्स (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) त्याला अर्पण केली. यावर बरंच लिहून झालंय. ऑपरेशन टेबलाची बाजू तेवढी राहिली, ती जोडतो.

२९ जानेवारी १८८१, व्हिएन्ना. कॅन्सरने जठराचं खालचं तोंड बंद झालेली बाई. बिलरोथने जठराचा खालचा, सुमारे १४ सेंटिमीटरचा भाग काढला आणि उरलेलं जठर थेट ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, जोडलं. कार्बोलिक या जंतुनाशकात भिजवलेल्या रेशमाचे पन्नासेक टाके. हे धाडस आंधळं नव्हतं. त्याच्या सहाय्यकांनी आधी कुत्र्यांवर जठर कापून-जोडून पाहिलं होतं. बाई साधारण चार महिन्यांनी गेल्या, पण कॅन्सर पसरल्यामुळे. जोड शाबूत होता.

पहिल्या वेळी जोड जठराच्या वरच्या, छोट्या वळणाशी होता. तसं केलं की खाली पिशवी उरते आणि अन्न साचतं, म्हणून पुढे तो मोठ्या वळणाकडे नेला. कच्चा दुवा तरी राहतोच: कापलेल्या जठराचं तोंड ड्युओडेनमपेक्षा मोठं, म्हणून त्याचा जास्तीचा भाग शिवतात; ती रेघ जिथे नव्या जोडाला भिडते, तो कोपरा. जर्मन सर्जन त्याला ‘रडका कोपरा’ म्हणत. गळती तिथूनच व्हायची. दोन टोकं ताण न पडता जुळत नसतील तर बिलरोथची १८८५ ची दुसरी पद्धत: ड्युओडेनमचं तोंड शिवून टाकायचं आणि जठर पुढच्या लहान आतड्याला जोडायचं. अर्थात, मग ते शिवलेलं तोंड फुटायची भीती.

मला स्वतःला त्याच्या व्हायोलापेक्षा झुरिकमधल्या त्याच्या ऑपरेशनांचे अहवाल मोठे वाटतात. दगावलेले रोगीही त्याने त्यात मोजून छापले.