डोळ्यांवर पट्टी बांधायला लावून मुलांना काय कळतं?

पानगळ: नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी 40 मिनिटांचा तास घ्यायचा आहे. अपंगत्व समजून घेणं आणि चिकाटी, दोन्ही त्यात यावं. डोळ्यांवर पट्टी बांधून वर्गात चालायला लावायचा विचार आहे. कसं घ्यावं?

सहा_ठिपके: पट्टी नका बांधू. पाच मिनिटांत मुलांना कळते ती फक्त अंधाराची धास्ती. पांढऱ्या काठीने, आवाजांच्या अंदाजाने वाट काढणं अंध व्यक्ती सरावाने शिकते. ते कौशल्य या खेळात दिसतच नाही. मुलं 'बिचारे' म्हणत बाहेर पडतात, आणि कीव म्हणजे समज नव्हे.

त्यापेक्षा ब्रेल, म्हणजे बोटाने वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी, लिहायला द्या. दोघांत एक ब्रेल पाटी (ठिपक्यांसाठी घरं असलेली चौकट), एक स्टायलस (ठिपके टोचायची टोकदार टोचणी) आणि 140 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 140 ग्रॅम) आसपासचा जाड कागद. प्रत्येक घरात सहा ठिपके: डावीकडे वरून खाली 1-2-3, उजवीकडे 4-5-6. 'कमल' घ्या, काना-मात्रा नाही. क 1-3, म 1-3-4, ल 1-2-3. ठिपके मागून टोचले जातात, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि 1-2-3 ही रांग घराच्या उजव्या बाजूला येते. इथेच घोळ होतो. म उलटा पडला की 1-4-6, म्हणजे श. ल चा होतो ळ! रांगांची ही अदलाबदल आधी सांगू नका. कागद उलटून वाचताना मुलांनाच चूक सापडू द्या, मग नवा कागद द्या. लुई ब्रेलने 1824 मध्ये ही पद्धत बसवली तेव्हा तो 15 वर्षांचा होता, हे त्या दुसऱ्या कागदाबरोबर सांगा.

पानगळ: कागद फाटला किंवा बोटाला काही कळलंच नाही तर?

सहा_ठिपके: वहीचा कागद पातळ, त्याला भोकच पडतं. जाड कागदही स्टायलस तिरका धरला की फाटतो. सरळ उभा धरून एकदाच दाबायचं. वाचताना मुलं बोट जोरात दाबतात, त्याने ठिपके चेपतात. बोट हलकं ठेवून आडवं सरकवायला सांगा.

उंबरठा: पुढच्या तासाला मोजपट्टी द्या. व्हीलचेअरच्या उताराचं नेहमीचं प्रमाण 1:12, म्हणजे 15 सेंमीच्या पायरीला 180 सेंमी लांब उतार. मुलं आधी हमखास आखूड फळी सुचवतात. शाळेतली प्रत्येक पायरी मोजून, जागा पुरते का ते नकाशावर काढायला लावा. अडचण खुर्चीची नाही, पायरीची आहे हे त्या आकड्यांतून दिसतं.

वाटाड्या: मदतीचाही सराव घ्या. आधी विचारायचं, 'मदत हवी का?' 'नको' म्हटलं तर बाजूला व्हायचं. अंध व्यक्तीचा हात धरून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, ती धरेल, आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. जिना आला की थांबून 'वर' की 'खाली' ते सांगायचं.