एसएमडी ईएमआय फिल्टरला ग्राउंड कसं द्यावं? लेआउटबद्दल सल्ला हवा

रबाळे_हार्डवेअर
२४ व्होल्ट इनपुटवर ईएमआय (विद्युतचुंबकीय नॉइज) अडवायला फिल्टर म्हणून १२०६ साइझचा तीन-टर्मिनल फीडथ्रू कपॅसिटर आहे. बोर्ड दोन लेअरचा, १.६ मिमी एफआर-४. ग्राउंड पॅडपासून ८ मिमीचा बारीक ट्रॅक, मग एकच व्हाया (लेअर जोडणारं तांब्याचा मुलामा दिलेलं भोक). नॉइज किती अडतो हे दाखवणारा डेटाशीटचा कर्व्ह ५०० मेगाहर्ट्झला झकास, पण प्रत्यक्षात २०० च्या वर फिल्टर असून नसल्यासारखा. पार्ट बदलू का?

ग्राउंडप्लेन
पार्ट राहू द्या, तो ८ मिमीचा ट्रॅक काढा. ट्रॅक आणि व्हाया मिळून साधारण ७ नॅनोहेन्री इंडक्टन्स होतो, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झला २२ ओहम. ५० ओहमच्या सिस्टीममध्ये नॉइजमध्ये जेमतेम साडेतीन डीबी घट मिळेल, मग कपॅसिटर कितीही चांगला असो. हेच ०.५ नॅनोहेन्रीवर आणलंत तर २४ डीबी.

या पार्टला दोन्ही बाजूंनी ग्राउंड टर्मिनल असतं. दोन्ही वापरा, प्रत्येकाला किमान तीन व्हाया, ०.३ मिमी ड्रिल, पॅडच्या अगदी कडेला. उघडे व्हाया पॅडच्या आत नकोत, रिफ्लोमध्ये (भट्टीत सोल्डर वितळवताना) सोल्डर खाली ओढलं जातं. थर्मल रिलीफ (पॅड ग्राउंड प्लेनला, म्हणजे तांब्याच्या सलग थराला, फक्त बारीक पट्ट्यांनी जोडणं) बंद ठेवा. मग हाताने सोल्डर करताना प्लेन उष्णता खेचतं, म्हणून बोर्ड आधी १०० अंशांपर्यंत तापवा आणि बिट सिरॅमिकला लावू नका. तडा दिसत नाही, शॉर्ट मात्र नंतर होतो.

पॉवरसप्लाय_ठाणे
वरचं सगळं बरोबर, पण इनपुट-आउटपुट ट्रॅक शेजारून समांतर गेले असतील तर नॉइज फिल्टरला वळसा घालून जातो. फिल्टर कनेक्टरला चिकटून ठेवा, आउटपुट सरळ पुढे न्या. प्लेन कनेक्टरजवळच स्क्रूने चॅसिसला जोडा. तिथलं तांबं उघडं ठेवू नका, मुंबईच्या दमट हवेत काळं पडतं. टिन किंवा गोल्ड फिनिश द्या.

रबाळे_हार्डवेअर
नवीन बोर्ड काढण्याआधी खात्री कशी करू?

ग्राउंडप्लेन
लॅमिंग्टन रोडवर कॉपर फॉइल टेप मिळते. पॅडला फॉइल सोल्डर करा, लगेच बाजूला ०.८ मिमीची चार भोकं पाडा (आधी खाली दुसरा ट्रॅक नाही हे बघा), तार घालून दोन्हीकडून सोल्डर करा. टेपच्या गोंदावर भिस्त नको, सोल्डर हवंच. फरक पडला तर नव्या बोर्डला चार लेअर घ्या. ग्राउंड दुसऱ्या लेअरवर, ०.२ मिमी खाली आलं की व्हायाची लांबीच उरत नाही.