शब्दचर्चा : 'प्रोटेक्टिव्ह कल्चर'ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडकरीण : चीजविषयीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. 'संरक्षक संवर्धन' लिहिलं, तर आईला वृक्षसंवर्धन आठवलं. दुसरं काही सुचतंय का?

चक्का : 'विरजण' सोडून कुठे जाताय? फरक इतकाच, की नेहमीचं विरजण दुधाचं दही करायला लावतात आणि हे आहे तो पदार्थ राखायला. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू घालायचे, म्हणजे लिस्टेरियासारख्या रोगकारक जिवाणूंना वाढायला वाव मिळत नाही. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो, म्हणून हा खटाटोप. 'राखणीचं विरजण' म्हणा.

कोथरूडकरीण : पण 'आनंदावर विरजण पडलं' असंही म्हणतो ना आपण?

चक्का : शेजारीण वाटी घेऊन विरजण मागायला आली की तो वाक्प्रचार कुणाच्या मनात येतो? खुशाल वापरा.

कोथरूडकरीण : आणि 'बॅक्टेरिओसिन'? 'प्रतिजैविक' चालेल?

पाषाणची वाट : नको. प्रतिजैविक म्हटलं की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या डोळ्यांसमोर येतात. 'जिवाणूनाशक'ही नको, फिनेलसुद्धा जिवाणूनाशकच. बॅक्टेरिओसिन म्हणजे एका जिवाणूने तयार केलेलं, बहुधा त्याच्याच भाऊबंदांना मारणारं छोटं प्रथिन. बॅक्टेरिओसिनच राहू द्या.

माझी खरी हरकत 'संरक्षक'वर आहे. हा शब्द वाचला की मनात 'सुरक्षित' असा अर्थ उमटतो. पण 'संरक्षक' हा शब्द जिवाणू पदार्थासाठी काय करतो ते सांगतो, खाणाऱ्याचं काय होईल ते नाही. नायसिन हे बॅक्टेरिओसिन 1969 पासून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीला मान्य आहे, पोटातले पाचक रस ते मोडून टाकतात. जिवंत जिवाणू घालणं मात्र वेगळी गोष्ट. एन्टरोकॉकस या जिवाणूंचंच बघा. त्यातले काही लिस्टेरियाला उत्तम आवरतात, पण त्याच कुळातले काही रुग्णालयात संसर्ग करतात, व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकालाही दाद देत नाहीत, आणि ती प्रतिकारक जनुकं दुसऱ्या जिवाणूंना देऊ शकतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण 2007 पासून 'निर्धोक मानता येतील' अशा जातींची यादी ठेवतं, त्यात एन्टरोकॉकस फीशियमला जागा नाही. त्यामुळे नुसतं कुळ-जात सांगून भागत नाही, जातीतला एकेक वाण (स्ट्रेन) तपासावा लागतो. इथे पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव-संग्रहात प्रत्येक वाणाला स्वतंत्र क्रमांक असतो, तो उगाच नाही.

कोथरूडकरीण : हे फार मोलाचं सांगितलंत. मूळ मजकुरातही 'सेफ' आणि 'प्रोटेक्टिव्ह' वेगळे आहेत, मीच दोन्हीकडे 'सुरक्षा' घालून बसले होते. आता असं करते : 'राखणीच्या विरजणातला प्रत्येक वाण खाणाऱ्याला निर्धोक आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.' पण 'तो वाण' की 'ते वाण'?

चक्का : संक्रांतीला लुटतात ते वाण. शेतकरी बियाण्याबद्दल बोलतो तो वाण. तुमच्या वाक्यात 'तो'.