अनुभव धागा: पुण्याच्या धुळीत आणि चिखलात आरसी गाडी टिकवताना

कोणती आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी घ्यावी यावर बोलणं पुष्कळ होतं. ती इथे टिकवायची कशी, ते या धाग्यावर लिहा. उन्हाळ्यात मुरमाची पिठासारखी धूळ, जून ते सप्टेंबर काळ्या मातीचा चिखल; परदेशी मॅन्युअलमध्ये हे दोन्ही नसतं. मापं, नंबर, पायऱ्या द्या. नुसतं ‘काळजी घ्या’ नको.

छर्रा

धुळीचा पहिला बळी बेअरिंग. 1/10 स्केलच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या) बऱ्याच गाड्यांत 5×11×4 आणि 10×15×4 मिमी ही दोन मापं लागतात. बेअरिंगच्या दुकानात ‘खेळण्यातल्या गाडीचं’ म्हणून मागितलं तर हात हलवत परत याल. एमआर-115 आणि 6700 असे नंबर सांगा. इथल्या धुळीला रबर सीलचं, म्हणजे 2आरएस घ्या. झेडझेडच्या पत्र्याच्या झाकणाशेजारच्या फटीतून मुरूम आत जातोच. रबर सील किंचित जड फिरतं, पण टिकतं.

टामिया टीटी-02 सारख्या स्वतः जोडायच्या किटमध्ये बऱ्याचदा बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश (साध्या रिंगा) येतात. ते बांधतानाच बदला. नंतर बदलायचे म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा उघडायचा, आणि प्लास्टिकमधले आटे दरवेळी थोडे ढिले होतात. स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा, ‘टक्’ करून जुन्या आट्यात बसला की मग आवळा. टामियाचे फुलीचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात, साध्या फिलिप्सने त्यांची डोकी खराब होतात.

मेश_वाला

स्परचे (मोटरच्या गिअरने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात गेले की लोक स्परला दोष देतात. दोष बहुधा पिनियनच्या, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरच्या, अंतरात असतो. मोटरचे स्क्रू ढिले करा, वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरमध्ये घाला, मोटर दाबून धरून आवळा आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांचे ठसे स्वच्छ दिसले पाहिजेत. कागद फाटला तर मेश (दातांची जुळणी) घट्ट आहे. मग पिनियन धरून स्पर बोटाने हलवा, जेमतेम जाणवेल एवढा खेळ हवा. हे स्परच्या चार ठिकाणी तपासा, कारण प्लास्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो. घट्ट मेश शिट्टीसारखा ओरडतो आणि मोटर तापवतो. ढिला दात सोलतो.

पिनियनचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवरच आला पाहिजे, त्यावर निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. थ्रेडलॉक फक्त धातूत धातू असेल तिथेच. प्लास्टिकला लागला तर ते ठिसूळ होऊन तडकतं.

काळी_माती

पावसाळ्याबद्दल. ‘वॉटरप्रूफ’ असतात ते ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) आणि सर्वो (चाकं वळवणारी मोटर). बेअरिंग, मोटर आणि स्क्रू नाहीत. घरी आल्यावर बॅटरी काढा. चिखल ओला असताना कापडाने पुसला की तो फटींत जातो. वाळू द्या, मग रंगाच्या ब्रशने झाडा. पंक्चरवाल्याकडची हवा चालते, पण बेअरिंगवर थेट मारू नका, धूळ सीलच्या आत ढकलली जाते. गाडी भिजली असेल तर डब्ल्यूडी-40 पाणी हटवायला ठीक, मात्र ते टिकणारं वंगण नव्हे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बेअरिंगला हलक्या तेलाचा एक थेंब द्यावाच लागतो. टायरच्या आतला फोम पाणी धरून ठेवतो, एक चाक जड झालं की गाडी थरथरते. चाकं काढून रिमची भोकं खाली करून ठेवा.

तपकीर_गल्ली

लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी. 2एस (दोन सेलचा पॅक) म्हणजे 7.4 व्होल्ट, पूर्ण चार्ज 8.4. 5000 एमएएचचा पॅक 5 अँपिअरने, बॅलन्स वायर (प्रत्येक सेल सारखा भरणारी) लावून, फरशीवर, डोळ्यांसमोर चार्ज करा. आठवड्याहून जास्त ठेवायचा तर सेलमागे 3.8 व्होल्टवर आणा. मे महिन्यात पूर्ण भरलेला पॅक कारच्या डिकीत राहिला की फुगतो, आणि फुगलेला पॅक पुन्हा चार्जरला लावायचा नाही.

हॉबीविंग 1060 सारख्या ईएससीवर बॅटरीचा प्रकार निवडायचा छोटा जम्पर (काढून हलवायची पिन) असतो. तो एनआयएमएचवर (निकेलच्या बॅटरीवर) राहिला तर लायपोचा पुरवठा वेळेत तोडला जात नाही आणि सेल 3 व्होल्टखाली जाऊन मरतो. नवी गाडी आली की आधी तो बघा. एक्सटी-60 (बॅटरीचा कनेक्टर), हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), सिलिकॉन वायर बुधवार पेठेत मिळतात. सोल्डर मारताना एका वेळी एकच वायर उघडी ठेवा.

डॅम्पर

शॉकचं (सस्पेन्शनच्या दांड्याचं) तेल थंडीत 30, उन्हाळ्यात 40 वेट (वेट म्हणजे तेलाचा दाटपणा) असं बदललं तर फरक कळतो. तेल भरा, पिस्टन सावकाश वरखाली करा, दहा मिनिटं उभं ठेवा म्हणजे बुडबुडे वर येतात. शाफ्ट अर्धा आत ठेवून झाकण लावा, जादा तेल बाहेर येऊ द्या. शाफ्ट ढकलताना पचपच आवाज आला तर हवा राहिली आहे, पुन्हा भरा.

मेश_वाला

एक राहिलं, फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबवणारी सोय. गाडी ठोकळ्यावर ठेवून चाकं अधांतरी करा, थोडा थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. नाही थांबली तर रिसीव्हरचं फेलसेफ न्यूट्रलवर पुन्हा सेट करा, तोवर मैदानात नेऊ नका. दीड-दोन किलोची गाडी ताशी 40 किमीने कुणाच्या नडगीवर आदळली तर हाड मोडू शकतं. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी.