मदत हवी आहे : दादर पश्चिमेला रोज परवडेल असं साधं जेवण कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. बाबांचं परळच्या टाटा रुग्णालयात रेडिएशन सुरू आहे, म्हणून आई-बाबा आणि मी साताऱ्याहून आलोय. अजून 5 आठवडे मुक्काम. खोली मिळालीय दादर पश्चिमेला, रानडे रोडजवळ, पण तिथे गॅस पेटवायची परवानगी नाही.

स्टेशनसमोरचं मामा काणे, शिवसेना भवनाजवळची प्रकाश आणि आस्वाद ही नावं माहीत आहेत. प्रकाशचं पियुष बाबांना फार आवडलं, दोन घोट का होईना, पोटात गेलं. पण सकाळ-संध्याकाळ तिघांनी तिथेच जेवणं खिशाला झेपणार नाही, आणि रांगेत बाबांना उभं करवत नाही.

त्यांच्या तोंडात फोड आलेत. तिखट, आंबट काहीच चालत नाही. परवा एका खानावळीत 'तिखट नको' असं दोनदा सांगूनही आमटी झणझणीत आली आणि बाबा ताटावरून तसेच उठले. आई दिवसभर जेवली नाही.

मऊ वरणभात, तूप, मुगाची खिचडी, दुधीची भाजी, ताजं ताक एवढं रोज मिळालं तरी पुरे. माणशी 100-120 रुपयांपर्यंत जमेल. घरून डबा देणाऱ्या एखाद्या काकू कोणाच्या ओळखीत आहेत का? छबिलदासची गल्ली, गोखले रोड, पोर्तुगीज चर्चपर्यंत मी चालत जाऊन डबा आणू शकतो. रविवारीही चालू असेल तर फार बरं होईल.

कृपया स्वतः जेवून पाहिलेलंच ठिकाण सुचवा.