खेकडा पडला की ओढू नका

परमिट हा मासा फ्लायपर्यंत, म्हणजे गळाला बांधलेल्या नकली आमिषापर्यंत येतो आणि तोंड न लावताच वळतो, अशी तुमची तक्रार आहे. माझ्या मते घोळ फ्लाय ओढण्यात होतोय. अमेरिकेतली फ्लोरिडा कीज बेटं असोत की मध्य अमेरिकेतला बेलीझ, उथळ पाण्यात हा मासा मुख्यतः खेकडे शोधत फिरतो. त्याने तोंड तळाशी खुपसलं की काळी, कोयत्यासारखी शेपटी पाण्याबाहेर येते. घाबरलेला खेकडा तळ गाठतो आणि वाळूत रुतून बसतो. म्हणूनच डेल ब्राउन यांनी बनवलेल्या, खेकड्यासारख्या मर्किन फ्लायला शिशाचे डोळे असतात. ती पडल्या पडल्या बुडायला हवी. माशाने पाहिलं की दोर फक्त ताणून धरा. शेपटी थरथरली किंवा मासा जागच्या जागी तिरपा झाला, म्हणजे त्याने फ्लाय तोंडात घेतली; तेव्हाच हाताने दोर लांब, सावकाश खेचा. गळाची काठी झटक्यात वर उचललीत तर मासा गेलाच म्हणून समजा.

आणि एक कळकळीने सांगतो. फ्लोरिडा कीजमधल्या ‘की वेस्ट’ बेटाजवळच्या वेस्टर्न ड्राय रॉक्स या जागी हे मासे विणीसाठी जमतात. २०२१ पासून तिथे एप्रिल ते जुलै मासेमारी बंद आहे, ते अगदी योग्य झालं. गळाला लागलेला परमिट वर येईपर्यंत शार्क तोडून न्यायचे. बेलीझमध्ये तर २००९ पासून परमिट पकडला की सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे.