लॉन बोल्सची ज्युनिअर मुलं: पदकाआधीपासून फॉलो करायचं की आधी मुंबईत ग्रीन (या खेळाचं सपाट मैदान) मागायचं?

परळची (धागा सुरू करणारी)

2 ऑगस्ट 2022 ला लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये लॉन बोल्सच्या फोर्समध्ये (चौघींच्या टीमचा प्रकार) गोल्ड घेतलं तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपवर दोन दिवस तेच चालू होतं. सेमीफायनलला न्यूझीलंड 16-13, फायनलला दक्षिण आफ्रिका 17-10. फायनलला आपण 8-2 ने पुढे होतो, मग आफ्रिकेने ती सगळी लीड पुसून टाकली आणि तिथून या चौघींनी परत मॅच खेचली. पुरुषांच्या टीमने पण सिल्व्हर आणलं. आणि नंतर सगळं शांत.

माझं म्हणणं सरळ आहे, आपली तरुण पोरं परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धांना जातात तेव्हा आपण त्यांना आत्तापासून फॉलो करायला हवं, म्हणजे हरत असतानाच. मी हल्ली या मॅचेस यूट्यूबवर पूर्ण बघते, नुसता स्कोअर नाही. कारण या खेळात स्कोअर बघून काहीच कळत नाही हो. पांढरा किंवा पिवळा जॅक म्हणजे छोटा बॉल आधी टाकतात, त्याच्या जवळात जवळ आपला बॉल न्यायचा एवढंच काम, पण बॉल सरळ जातच नाही, त्याचा आकारच एका बाजूला किंचित वेगळा असतो त्यामुळे वेग कमी होत गेला की तो वळतो. म्हणजे जॅककडे बघून टाकून चालत नाही, बाहेर कुठेतरी लाइन धरून टाकायचा आणि तो वळून आत येईल यावर विश्वास ठेवायचा. एखादी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी अनोळखी ग्रीनवर पहिल्या दोन एंडला (एंड म्हणजे सगळे बॉल टाकून होणारी एक फेरी) सगळे बॉल लांब घालवते, तिसऱ्याला आखूड पडतात, आणि पाचव्या सहाव्या एंडला अचानक बॉल जॅकला टेकवते, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्या मॅचचा निकाल तिच्या विरोधात गेला तरी माझ्या दृष्टीने तीच खरी बातमी आहे. ती बातमी कुठेच येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

नानाचौक

कौतुक आहे, पण मला पटलं नाही. लालबाग, नायगाव, प्रभादेवीला कबड्डीची मंडळं आहेत, मुली संध्याकाळी नोकरी करून येऊन प्रॅक्टिस करतात, त्यांच्या मॅचला बघायला किती जण येतात ते जाऊन बघा एकदा. आपल्या घरापासून चालत जायच्या अंतरावर जो खेळ आहे त्याला आपण वेळ देत नाही आणि यूट्यूबवर परदेशातलं ग्रीन बघत बसायचं? शिवाजी पार्कात ग्रीन नाही, ओव्हलवर नाही, आझाद मैदानात नाही. ज्या खेळाचा बॉल आपल्यातल्या बहुतेकांनी हातात धरलेला नाही त्याला फॉलो करणं म्हणजे माझ्या मते नुसती माया. मायेने खेळाडू तयार होत नाही, जागेने होतो.

परळची

@नानाचौक, कबड्डीला जाऊ नका असं मी कुठे म्हटलं? दोन्ही करता येतं. तुम्ही म्हणता जागेने खेळाडू होतो, पण बघणारं कोणीच नसेल तर जागा मागणार कोण? पालिकेला किंवा क्रीडा खात्याला कोणी पत्र लिहायचं, ज्याला हा खेळ असतो हेच माहीत नाही त्याने?

ठाणेकर 7

मुद्दा वेगळा मांडतो. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, एशियन गेम्समध्ये नाही. मोठं स्टेज म्हणजे चार वर्षांनी एकदा कॉमनवेल्थ आणि मधे यांची स्वतःची वर्ल्ड चॅम्पियनशिप, 2023 ला गोल्ड कोस्टला झाली तशी. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला यात घालणं मला त्या पोरावर अन्याय वाटतो. आणि आपल्या गोल्डवाल्याच बघा ना, नयनमोनी आधी वेटलिफ्टर होती, पायाच्या दुखापतीमुळे तिकडून इकडे आली. लवली आधी धावपटू. 2022 ला कोणी तिशीत होत्या कोणी चाळिशीत. म्हणजे हा खेळ उशिरा सुरू करून पण गोल्ड येतं. मग ज्युनिअरसाठी एवढी धडपड कशाला? पोरांना आधी ॲथलेटिक्स करू दे, पोहू दे, शरीर तयार होऊ दे. नंतर ज्याला जमेल तो येईल.

ग्राउंडवाला

मी मैदानांच्या कामात आहे, पीच, गवत, ड्रेनेज हेच करतो, म्हणून दोन शब्द.

@ठाणेकर 7, उशिरा येऊन गोल्ड मिळालं ही त्या चौघींची जिद्द आहे, त्यावरून पद्धत बनवू नका. ऑस्ट्रेलियाची एलन रायन बघा, त्याच बर्मिंगहॅमला सिंगल्स आणि पेअर्स दोन्ही गोल्ड, वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. असा हात विशीत यायचा तर बॉल किती लवकर हातात यायला हवा विचार करा. ताकद लागत नाही म्हणून लोकांना वाटतं म्हाताऱ्यांचा खेळ. जास्तीत जास्त 1.59 किलोचा बॉल आहे, उचलणं कठीण नाही, पण तो तीस मीटरवर नेऊन एक वीतभर अंतरात थांबवायचा हा अंदाज वर्षानुवर्षं बसवावा लागतो.

आणि परळची ताईंनी जे लिहिलंय, पहिले दोन एंड लांब आणि मग जमतं, त्याचं कारण ग्रीनचा स्पीड. तो सेकंदात मोजतात. बॉल हातातून सुटून साधारण 27 मीटरवर जाऊन थांबेपर्यंत किती सेकंद लागले ते बघायचं. गंमत म्हणजे सेकंद जास्त तेवढं ग्रीन फास्ट, कारण गुळगुळीत ग्रीनवर बॉल हळू सोडला तरी पोचतो. न्यूझीलंड ऑस्ट्रेलियात 14-15 च्या पुढे सहज जातं, इंग्लंडच्या गवतावर 10-12. आता जी मुलं एकाच ग्रीनवर वाढली ती बाहेर गेली की पहिला तासभर हात शोधण्यातच जातो, फास्ट ग्रीनवर बॉल जास्त वळतो म्हणून लाइन पण बाहेर न्यावी लागते. तो तासभर मुलांचा दोष नसतो. तेव्हा कोणी कमेंटमध्ये 'आपली पोरं नर्व्हस झाली' असं लिहिलं की मला राग येतो.

पीटीच्या बाई

मी शाळेत पीटी घेते, त्यामुळे मुलं मला रोज जवळून दिसतात. मला या फॉलो करण्याची भीती वाटते, खरं सांगते. सिंगल्स 21 शॉट्सपर्यंत (शॉट म्हणजे पॉइंट) असते, एखादी मुलगी 21-5 ने हरली तर तो आकडा किती वाईट दिसतो. जाणकार माणसाला कळेल की दर एंडला एकेकच शॉट गेलाय, बॉल सगळे जवळ होते. बाकीच्यांना काय कळणार? ते तिच्या इन्स्टावर जाऊन लिहिणार. मोठ्या खेळाडूंना ते पचवता येतं, अठरा वर्षांच्या मुलीला मॅच संपल्यावर रात्री हॉटेलच्या खोलीत मोबाईल उघडून ते वाचायचं असतं आणि सकाळी पेअर्स खेळायची असते. बघा, जरूर बघा, पण मुलांना टॅग करू नका, त्यांच्या पालकांना करू नका. चर्चा आपल्यात ठेवा.

परळची

@पीटीच्या बाई, बाई तुमची काळजी खरी आहे, तरी मला उलट वाटतं. परदेशात खेळायला गेलेल्या मुलीला घरच्यांशिवाय एकही मेसेज आला नाही तर तिला काय वाटेल? की आपण जे करतोय ते कोणालाच नको आहे. वाईट लिहिणारे येणारच, पण त्यांच्या आधी खेळ कळणारे दहा जण तिथे असायला हवेत. 'सातव्या एंडला तुझा टचर सुंदर होता' एवढं एक वाक्य. (टचर म्हणजे थांबायच्या आधी जॅकला टेकलेला बॉल, त्याला खडूची खूण करतात आणि तो पुढे डिचमध्ये (ग्रीनच्या कडेच्या चरात) पडला तरी बाद होत नाही.) हे ज्याने लिहिलं त्याने मॅच बघितली हे मुलीला लगेच कळतं.

पीटीच्या बाई

असं लिहिणारे दहा जण मिळाले तर माझी हरकत नाही. मला अजून दिसत नाहीत.

नानाचौक

मी परत जागेवर येतो कारण सगळ्यांनी तो मुद्दा बाजूला ठेवलाय. त्या चौघी कुठून आल्या? लवली आणि रूपा झारखंडच्या, रांचीत नामकुमला ग्रीन आहे, 2011 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झारखंडने घेतल्या. नयनमोनी आसामची, गुवाहाटीला 2007 ला राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. पिंकी दिल्लीची, तिथे 2010 ची कॉमनवेल्थ. म्हणजे जिथे सरकारने खर्च करून स्पर्धा घेतली तिथून खेळाडू आले. एकही जण प्रेक्षकांमुळे आलेली नाही, त्या वेळी प्रेक्षक नव्हतेच. माझं म्हणणं याहून स्पष्ट होणार नाही. मॅच बघून टाळ्या वाजवण्यापेक्षा आपण जागा मागूया, आणि ती मागायची तर बालेवाडीला मागूया, 1994 पासून तिथे संकुल उभं आहे, मोकळी जागा आहे. मुंबईत मागणं म्हणजे कोणाची तरी हिसकावून घेणं आहे.

ग्राउंडवाला

नाना, रांची-गुवाहाटीबद्दल शंभर टक्के सहमत. बालेवाडीबद्दल नाही. कळव्याच्या किंवा मालाडच्या पोराने आठवड्यातून तीनदा पुण्याला जायचं का? मग तो खेळ फक्त ज्यांना हॉस्टेल परवडतं त्यांचा होईल.

आणि जागा म्हणाल तर ग्रीनची लांबी 31 ते 40 मीटर. चाळीस बाय चाळीसचा चौकोन धरला तर सहा-सात रिंक (एका मॅचपुरत्या पट्ट्या) शेजारी शेजारी बसतात, म्हणजे एका वेळी सिंगल्सच्या सहा मॅचेस. फुटबॉल ग्राउंडचा एक कोपरा.

नानाचौक

त्या चौकोनात कबड्डीची सहा मैदानं आरामात होतात, बाजूला मोकळी जागा सोडून. एका वेळी ऐंशी मुलं खेळतील. तुमच्या सहा सिंगल्समध्ये बारा. हे गणित या शहरात सोडता येत नाही.

ठाणेकर 7

आणि पावसाचं काय? चार महिने ते गवत कसं ठेवणार? क्रिकेटवाले कव्हर टाकून टाकून थकतात. इथे तर सगळं मैदानच पीचसारखं सपाट हवं.

ग्राउंडवाला

गवत मुंबईत नकोच, मी स्वतः पण सांगणार नाही. रोज कटिंग, रोलिंग, बुरशी, पाणी साचलं की आठवडा गेला. पण पावसाचं कारण पूर्ण पटत नाही कारण मलेशिया बघा. क्वालालंपूरला वर्षभर पाऊस. 1998 ला त्यांनी कॉमनवेल्थ घेतली आणि त्यांच्या सिती झलिना अहमदने 2002 मँचेस्टर आणि 2006 मेलबर्न, दोन्हीकडे महिला सिंगल्सचं गोल्ड घेतलं. नानांचाच नियम झाला ना, ग्रीन झालं, मागोमाग खेळाडू आली, तेही दमट हवेत.

सिंथेटिक कार्पेट घालता येतं, आणि ग्लासगो 2026 च्या कॉमनवेल्थसाठी तर बोल्स इनडोअर ठेवलंय. ज्या ग्लासगोने हॉकी, बॅडमिंटन, कुस्ती, नेमबाजी, क्रिकेट सगळं वगळून फक्त दहा खेळ ठेवले त्या दहात हा आहे, हे पण लक्षात घ्या. 1930 पासून फक्त 1966 ला हा खेळ नव्हता. 2030 अहमदाबादला आहे, आपल्या शेजारी, रात्रीच्या ट्रेनने सकाळी पोचतो आपण. आज जे पंधरा वर्षांचे आहेत ते तेव्हा ऐन भरात असतील.

ठाणेकर 7

2030 चा मुद्दा मान्य, पण 2030 नंतर त्या पोराचं काय, हे कोणी सांगत नाहीये. लवली पोलिसात, पिंकी शाळेत शिकवायची, म्हणजे पोट भरायला वेगळं काम होतंच. मी बाप म्हणून विचारतोय. माझा मुलगा म्हणाला मला हे खेळायचंय तर मी त्याला थांबवणार नाही, पण बारावी सोडून खेळ असं पण म्हणणार नाही.

परळची

@ठाणेकर 7, बारावी सोड असं कोणी म्हणतच नाहीये दादा. उलट हा एक खेळ आहे जो नोकरी सांभाळून चाळिशीपर्यंत टिकवता येतो, त्या चौघींनी तेच केलं. वीस वर्षांचा मुलगा आज हरला तर त्याच्यापुढे वीस वर्षं आहेत. म्हणून तर म्हणते आत्तापासून नावं लक्षात ठेवा, कारण हीच मुलं आपल्याला पुढच्या पाच कॉमनवेल्थला दिसू शकतात.

ग्राउंडवाला

एक मधला रस्ता सुचवतो. शॉर्ट मॅट बोल्स म्हणून प्रकार आहे. 40 ते 45 फूट लांब, सहा फूट रुंद मॅट, शाळेच्या हॉलमध्ये अंथरायची आणि खेळून झालं की गुंडाळून ठेवायची. नाना, यात कोणाचंच मैदान जात नाही.

नानाचौक

याला विरोध नाही. पण त्यावर खेळून आंतरराष्ट्रीय खेळाडू होईल असं मुलांना सांगू नका. तेरा मीटरचा हात आणि तीस मीटरचा हात वेगळा, हे तुम्हीच वर लिहिलंय.

पीटीच्या बाई

आमच्या शाळेचा हॉल लांबीला पुरेल, पण फेब्रुवारीपासून तिथे परीक्षेचे बाक लागतात ते एप्रिलपर्यंत हलत नाहीत, आणि मॅटचा एवढा मोठा रोल ठेवायला जागा जिन्याखालीच आहे जिथे आत्ता लेझीम आणि ढोल आहेत. @ग्राउंडवाला, दमट हवेत गुंडाळून ठेवली तर मॅटला सुरकुत्या पडतात का, आणि टाइल्सवर थेट अंथरली तर चालते की खाली काही लागतं, तेवढं सांगा. हेडबाईंना विचारायच्या आधी मला हे माहीत हवं.